तीन किलोवॅटची किटली, सहा अँपिअरचं सॉकेट: एका जळलेल्या जोडाचा प्रकरण अभ्यास

आखातात नोकरी करणारी कोकणातली माणसं सुट्टीवर गावी येताना सामानातून किटली, इस्त्री, टोस्टर असं काहीतरी आणतातच. दुबई, दोहा, मस्कत इथल्या घरांत ब्रिटिश पद्धतीची सॉकेटं असतात, त्यामुळे या वस्तूंना चपट्या तीन पिनांचा टॉप असतो. तो आपल्या बोर्डात बसत नाही. मग नाक्यावरच्या दुकानातून स्वस्तातला कन्व्हर्टर येतो आणि ओट्याजवळच्या सॉकेटात जातो. काही महिन्यांनी सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग दिसतो. प्लास्टिक जळल्याचा वास येतो, तो आधी गॅसच्या नळीचा वाटतो. शेवटी एक दिवस कन्व्हर्टर ओढला तर निघत नाही, कारण आतलं प्लास्टिक पिनेला चिकटलेलं असतं. या सगळ्या काळात एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडलेला नसतो, टॉपमधला फ्यूज शाबूत असतो आणि किटलीत पाणी नेहमीसारखं उकळत असतं.

घरोघरी हे इतक्या सारख्या पद्धतीनं घडतं, की त्याचा एकच नमुना घेऊन तो मुळापासून उलगडावा. नमुना असा धरू: १.७ लिटरची स्टीलची किटली, तळाच्या पट्टीवर छापलेलं २२०–२४० व्होल्ट, २५२०–३००० वॅट. तिला ब्रिटिश टॉप. मध्ये सगळ्या देशांच्या पिना घेणारा कन्व्हर्टर. भिंतीत ६ अँपिअरचं सॉकेट. डीबीपासून, म्हणजे घरातले एमसीबी असलेल्या पेटीपासून, सॉकेटपर्यंत साधारण १० मीटर दीडची (दीड चौरस मिमीची) तांब्याची वायर. आणि डीबीत १० अँपिअरचा एमसीबी. यातली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बऱ्यापैकी चांगली आहे असंही मानू, कारण वस्तू चांगल्या असूनही जळणं होतं, तेव्हाच या प्रकरणातून काही शिकता येतं.

आधी गणित

२४० व्होल्टला ३००० वॅट म्हणजे किटलीच्या कॉइलचा रोध १९.२ ओहम. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ती सुमारे २७५५ वॅट घेते आणि प्रवाह होतो १२ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटातून बरोबर दुप्पट. घरमालकाला हे कळत नाही, कारण १.७ लिटर पाणी उकळायला साडेतीन मिनिटंच लागतात. एवढ्या वेळात सॉकेट पूर्ण तापायच्या आधी किटली आपोआप बंद होते. पाहुणे आले, चहाला लागोपाठ तीन-चार किटल्या पाणी उकळलं, की मात्र जोडाला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

आता १० अँपिअरचा एमसीबी १२ अँपिअरला पडायला नको का? नाही. घरगुती एमसीबीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८९८ असं सांगतं: नेमक्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाहावर एमसीबी तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट प्रवाहावर तासाभरात पडलाच पाहिजे. १० अँपिअरसाठी या मर्यादा झाल्या ११.३ आणि १४.५. आपली किटली या दोहोंच्या मध्ये आहे. शिवाय ती चालते चार मिनिटांहून कमी. एमसीबी बिघडलेला नाही, तो मानकाबरहुकूम वागतो आहे. डीबीत ६ अँपिअरचा एमसीबी असता तर दुप्पट प्रवाहावर तो बहुधा पडला असता. पण मग पुढे काय होतं तेही माहीत आहे: ‘सारखा पडतोय’ म्हणून वायरमनला बोलावलं जातं आणि तो त्याजागी १६ चा बसवून जातो. सर्किटमधला एकमेव पहारेकरी त्या दिवशी कामावरून जातो.

आणि टॉपमधला फ्यूज? ब्रिटिश टॉपमध्ये बीएस १३६२ या ब्रिटिश मानकाप्रमाणे १३ अँपिअरची छोटी फ्यूज-नळी असते. ती १३ अँपिअर कितीही वेळ वाहून नेते आणि वितळायला साधारण २० अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. तिची नेमणूकच वेगळ्या कामासाठी आहे. बीएस १३६३ हे टॉप-सॉकेटचं मानक १९४७ मध्ये आलं. युद्धानंतर तांब्याची टंचाई असताना ब्रिटननं घरांत रिंग सर्किट घेतलं, म्हणजे एकाच कड्यावर अनेक सॉकेटं आणि मुळाशी ३० अँपिअरचा फ्यूज, आता ३२ अँपिअरचा एमसीबी. एवढ्या मोठ्या संरक्षणाच्या पाठीमागे बारीक कॉर्ड जळून जाईल, म्हणून प्रत्येक टॉपमध्ये कॉर्डसाठी स्वतंत्र फ्यूज घातला. तो कॉर्डला वाचवतो. भिंतीतल्या ढिल्या स्प्रिंगशी त्याचा संबंधच नाही.

उष्णता नेमकी कुठे तयार होते

दीडच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. १० मीटर अंतर, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२४२ ओहम. १२ अँपिअरला या वायरीत सुमारे ३५ वॅट उष्णता होते. ती २० मीटरभर पसरलेली असते, भिंत ती शोषून घेते, कुणाला पत्ता लागत नाही.

आता जोड पाहा. स्वच्छ, घट्ट पितळी पिन आणि चांगली स्प्रिंग यांच्या स्पर्शाचा रोध एक-दोन मिलीओहम असतो. १२ अँपिअरला तिथे पाव वॅट उष्णता होते, नगण्य. स्प्रिंग ढिली झाली, पिनेवर ऑक्साइडचा थर चढला आणि रोध ५० मिलीओहमवर गेला की तीच जागा ७.२ वॅट देऊ लागते. सात वॅट म्हणजे एलईडी दिव्याएवढं. पण ते सगळं काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर, चारी बाजूंनी प्लास्टिक आणि मागे बंद पेटी. वायरीतले ३५ वॅट निरुपद्रवी आणि जोडावरचे ७ वॅट घातक, हे एकदा लक्षात आलं की ‘एवढी जाड वायर टाकली तरी कसं जळलं?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

कन्व्हर्टरनं यात काय भर घातली? किटलीचा टॉप थेट आपल्या सॉकेटात गेला, तर फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे भिंतीशी दोनच सरकते जोड. कन्व्हर्टर आला की प्रत्येक तारेवर तीन: सॉकेटची स्प्रिंग आणि कन्व्हर्टरची पिन, कन्व्हर्टरच्या आतली पिन आणि पट्टी यांचा रिबीट, आणि पट्टी व किटलीच्या टॉपची पिन. एकूण सहा. प्रत्येकी ५ मिलीओहम इतकाच रोध धरला तरी कन्व्हर्टर-सॉकेटच्या त्या मूठभर जागेत ४.३ वॅट, प्रत्येकी २० मिलीओहम झाले की १७ वॅट.

तिसरा जोड सगळ्यात वाईट असतो आणि तो उघडून पाहण्यासारखा आहे. ब्रिटिश टॉपच्या फेज-न्यूट्रल पिना चपट्या असतात, सुमारे ६.४ मिमी रुंद आणि ४ मिमी जाड. खऱ्या ब्रिटिश सॉकेटात स्प्रिंग या पिनेला दोन्ही बाजूंनी पकडते. सर्वदेशीय कन्व्हर्टरला मात्र त्याच भोकात युरोपची ४ आणि ४.८ मिमीची गोल पिन, अमेरिकेची पातळ पाती आणि आपली ५ मिमीची गोल पिन, सगळ्यांना जागा द्यायची असते. त्यामुळे आतली पट्टी एक वाकवलेला पातळ पत्रा असते आणि तो चपट्या पिनेला कडेच्या एखाद्या रेषेवरच टेकतो. जळालेला कन्व्हर्टर फोडला तर पिनेवर तो काळा डाग बहुतेकदा पिनेच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सापडतो. बाकीची पिन चकचकीत असते. १२ अँपिअर त्या दाण्यातून गेलेले असतात.

त्यातच कन्व्हर्टर आणि वर ब्रिटिश टॉप हे लटकतं वजन भिंतीपासून पाच-सहा सेंटिमीटर बाहेर येतं. टॉपची कॉर्ड खालून निघते आणि खाली ओढते. सॉकेटच्या स्प्रिंगवर हा ताण रोज पडतो, पिन तिरकी होते आणि स्प्रिंग एका बाजूनं उघडते. पुढचं चक्र आपोआप चालतं. जोड तापला की स्प्रिंगच्या धातूची ताठरता कमी होते, दाब घटतो, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. कोकणात खारी हवा पितळावर थर चढवायला मदत करते. म्हणूनच पहिले काही महिने काहीच दिसत नाही आणि नंतर आठवड्याभरात सगळं घडतं.

याच कन्व्हर्टरवर लॅपटॉपचा चार्जर वर्षानुवर्षं चालतो, हे लोक आवर्जून सांगतात. खरं आहे. चार्जर साधारण अर्धा अँपिअर घेतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच जोडावर किटली चार्जरच्या ५७६ पट उष्णता निर्माण करते.

कोणी काय तपासलं होतं

या साखळीतल्या जवळपास प्रत्येक कडीला मानक आहे. किटलीसाठी आयईसी ६०३३५-२-१५, टॉपसाठी बीएस १३६३-१, फ्यूजसाठी बीएस १३६२, कॉर्डसाठी आयईसी ६०२२७ किंवा तिची युरोपीय भावंडं, भिंतीतल्या वायरसाठी आयएस ६९४ हे भारतीय मानक, आपल्या सॉकेटसाठी आयएस १२९३, एमसीबीसाठी ६०८९८.

सॉकेटची तपासणी कशी होते ते बघण्यासारखं आहे. घरगुती टॉप-सॉकेटांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०८८४-१ आहे, आणि आपलं आयएस १२९३ त्याच वळणाचं आहे. आयईसीप्रमाणे १६ अँपिअरच्या सॉकेटात पितळी पिनांचा चाचणी-टॉप घालून २२ अँपिअर तासभर सोडतात. जोडाचं तापमान खोलीपेक्षा ४५ अंशांहून जास्त वाढता कामा नये. ही मर्यादा म्हणजे फार ऐसपैस जागा नव्हे. मे महिन्यात चिपळूणच्या स्वयंपाकघरात ३५ अंश असतील तर ३५ अधिक ४५ म्हणजे ८० अंश झाले, आणि भिंतीतली साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. मग तोच सॉकेट यंत्रावर ५,००० वेळा घालतात आणि ५,००० वेळा काढतात, प्रवाह चालू ठेवून. त्यानंतर पुन्हा तापमान मोजतात. स्प्रिंगचा दाब उरला आहे का, हे एका पिनेचं ठरावीक वजनाचं गेज लावून बघतात: सॉकेट उलटं धरलं तरी गेज खाली पडायला नको.

प्लास्टिकची परीक्षा वेगळी. ५ मिमी व्यासाची पोलादी गोळी २० न्यूटन दाबानं, १२५ अंशांच्या भट्टीत तासभर प्लास्टिकवर टेकवून ठेवतात. खळगा २ मिमीपेक्षा मोठा पडला तर माल नापास. प्रवाह वाहणारे भाग ज्या प्लास्टिकनं धरून ठेवले आहेत, त्याला ८५० अंशांची तापलेली तार ३० सेकंद लावतात. तार काढल्यावर ज्वाळा ३० सेकंदांत विझली पाहिजे आणि खाली पसरलेला पातळ कागद पेटता कामा नये. ही चाचणी थेट आपल्या प्रकरणासाठी आहे. जोड तापलाच, तर आग तिथल्या तिथे थांबावी एवढाच तिचा हेतू. चांगल्या सॉकेटात जळणं डागावर थांबतं आणि बिनशिक्क्याच्या सॉकेटात पडद्यापर्यंत जाऊ शकतं, त्यामागे बऱ्याचदा प्लास्टिकमधला हाच फरक असतो. इन्सुलेशनसाठी ५०० व्होल्ट डीसीवर किमान ५ मेगाओहम आणि मग २,००० व्होल्ट एक मिनिट. कॉर्डसकट ओतीव टॉपला दर मिनिटाला ६० वेळा डावी-उजवीकडे वाकवतात, कॉर्डला वजन टांगून. आणि १०० ग्रॅमपर्यंतचा टॉप फिरत्या पिंपात ५० सेंटिमीटरवरून हजार वेळा पडतो.

इतकं सगळं होऊनही घरातला जोड जळला, कारण चाचणी-टॉपच्या पिना सॉकेटच्या स्वतःच्या मानकातल्या असतात. मानकात बसणारी सगळ्यात बारीक पिन घेऊनही जोड तापू नये, एवढी कठोर परीक्षा असते. पण ती त्याच कुटुंबातल्या पिनेची. ब्रिटिश टॉपची परीक्षा ब्रिटिश सॉकेटात झाली, भारतीय सॉकेटची भारतीय पिनेवर. दोन कुटुंबांना जोडणारी वस्तू, म्हणजे कन्व्हर्टर, बहुतेक वेळा कुणीच तपासलेली नसते. कन्व्हर्टरांना मानकं नाहीत असं नाही. आयईसी ६०८८४-२-५ ॲडॉप्टरसाठी आहे, ब्रिटनमध्ये बीएस १३६३-३ आहे, प्रवासी ॲडॉप्टरसाठी बीएस ८५४६ आहे. पण पाठीवर यातलं काहीच छापलेलं नसलेला, फक्त ‘१० ए २५० व्ही’ असा उठाव असलेला तुकडाच बाजारात बहुधा मिळतो. त्या आकड्यामागे एकही चाचणी असल्याची खूण नसते. आणि तो खरा धरला तरी आपली किटली १२ घेते.

पिनेची जाडी हेच कुलूप

आपल्याकडच्या दोन मापांच्या मागे शहाणपण आहे आणि ते विसरलं गेलं आहे. ६ अँपिअरच्या टॉपच्या फेज-न्यूट्रल पिना सुमारे ५ मिमी जाड, दोन्हींमधलं अंतर १९ मिमी. १६ अँपिअरच्या पिना सुमारे ७ मिमी जाड, अंतर २५.४ मिमी. हा जुन्या ब्रिटिश बीएस ५४६ चा वारसा. ब्रिटननं तो घरांतून काढला, आपण ठेवला. जाड पिनांचा टॉप बारीक सॉकेटात शिरत नाही. गिझर, इस्त्री किंवा किटलीचा भार ६ अँपिअरच्या जागेवर चुकूनही पडू नये, म्हणून केलेलं हे यांत्रिक कुलूप आहे. इलेक्ट्रॉनिक्स नाही, वाचायला लेबल नाही. घरातल्या कुणालाही ते कळतं, कारण हाताला अडतं. ब्राझीलनं २००० नंतरच्या दशकात आयईसी ६०९०६-१ या सामाईक आंतरराष्ट्रीय टॉपवर आधारलेलं मानक घेतलं, तेव्हा त्यांनीही हेच केलं: १० अँपिअरला ४ मिमी पिना, २० अँपिअरला ४.८ मिमी, आणि मोठा छोट्यात जात नाही.

कन्व्हर्टर नेमकं हेच कुलूप तोडतो. त्याच्या एका तोंडाला १३ अँपिअरचा टॉप चालतो आणि दुसऱ्या तोंडाला ६ अँपिअरच्या बारीक पिना असतात. तसं पाहिलं तर हा आखाती सामानाचाच प्रश्न नाही. ‘सोळाचं सहात’ करणारा कन्व्हर्टर आपल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो आणि मायक्रोवेव्ह, गिझर, इंडक्शन त्यावर चालतात. त्या वस्तूचा विक्रीलायक असा एकही उपयोग आमच्या मते नाही, आणि दुकानदारानं ती ठेवू नये असं स्पष्टच म्हटलं पाहिजे.

अर्थिंगची बाजू

जळणं निदान दिसतं. अर्थिंग गेलेलं दिसत नाही. स्टीलची किटली क्लास वन उपकरण आहे, म्हणजे तिचं अंग अर्थला जोडलेलं असणं हा तिच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग आहे. क्षारामुळे कॉइलचं आवरण फुटलं तर प्रवाह पाण्यात आणि तिथून स्टीलच्या अंगावर येतो. अर्थ शाबूत असेल तर तो तिथूनच निघून जातो आणि आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाली की पडणारा स्विच) पडतो. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांची अर्थची पिन प्लास्टिकची असते किंवा आत कशालाच जोडलेली नसते. सॉकेटचं शटर उघडण्यापुरती तिची लांबी. अशा वेळी किटलीचं अंग फेजवर येऊन तसंच राहतं आणि ओला हात लागेपर्यंत कुणाला कळत नाही. मल्टिमीटर असेल तर कन्व्हर्टर बोर्डातून काढून, सुटा असताना, त्याची अर्थ पिन ते अर्थचं भोक अशी कंटिन्युइटी तपासा. बीप आली नाही तर तो चार्जरलाही वापरू नका.

ब्रिटिश टॉप खोटा असण्याची शक्यताही तपासावी. खऱ्या टॉपच्या फेज-न्यूट्रल पिनांच्या मुळाशी काळं प्लास्टिकचं आवरण असतं, म्हणजे अर्धवट बाहेर आलेल्या पिनेला बोट लागलं तरी धक्का बसत नाही. अर्थच्या पिनेवर असं आवरण कधीच नसतं. ते दिसलं तर टॉप बनावट आहे आणि अर्थ लागण्याची खात्री नाही. पिनांना चुंबक लावा. पितळ चिकटत नाही. चिकटलं तर पितळी मुलामा दिलेलं लोखंड आहे.

अमेरिकेहून आणलेल्या किटलीची गोष्ट वेगळी आहे आणि लवकर संपते. १२० व्होल्टला १५०० वॅटची किटली २३० वर साडेपाच हजार वॅट घेऊ पाहते. तिला कुठलाच टॉप बदलून उपयोग नाही.

दुरुस्ती

जळालेलं सॉकेट बदलून तोच कन्व्हर्टर पुन्हा लावणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. तापून काळी पडलेली पिन नव्या स्प्रिंगलाही तापवते. जोडाच्या दोन्ही बाजू एकत्रच बदलायच्या असतात. कॉर्डच्या टॉपच्या पिनेवर डाग असेल तर तो टॉपही गेला.

योग्य उपाय एकच: किटलीला १६ अँपिअरचा आयएसआय मार्कचा तीन पिन टॉप, आणि तो १६ अँपिअरच्या सॉकेटात. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं, पण तो काय करतो आहे हे कळण्याइतकी माहिती घरातल्यांना हवी.

मेन बंद, मग टेस्टरनं आणि मीटरनंही खात्री. टेस्टर एकट्यावर विसंबू नये. बोर्डाची पट्टी उघडून जळालेल्या सॉकेटमागची वायर पाहायची. इन्सुलेशन कडक, ठिसूळ किंवा काळं पडलं असेल तर ते जिथपर्यंत आहे तिथपर्यंत वायर कापून लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे जायचं. तेवढी वायर शिल्लक नसेल तर नवी ओढायची. पेटीत पीळ मारून टेप लावलेला जोड म्हणजे पुढच्या जळण्याची सोय. या प्रकरणात तसंही दीडची वायर ठेवायची नाही. डीबीपासून ओट्यापर्यंत अडीचची फेज-न्यूट्रल आणि अर्थ, स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी, आणि त्याआधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. सॉकेट ६/१६ चं एकत्रित असलं तरी चालतं, पण त्याच्यासोबतचा स्विचही १६ चा हवा. सॉकेट १६ चं आणि स्विच ६ चा, अशी बोर्डं सर्रास दिसतात.

ब्रिटिश ओतीव टॉप कापला की फ्यूज गेला, मग कॉर्डचं काय, हा रास्त प्रश्न आहे. अशा किटलीची कॉर्ड बहुधा १ चौरस मिमीची असते. १० ते १६ अँपिअरच्या उपकरणाला आयईसी ६०३३५-१ प्रमाणे दीडची कॉर्ड लागते, पण लांबी २ मीटरपर्यंत असेल तर १ चौरस मिमी चालते. तीच किटली जर्मनीत फ्यूज नसलेल्या टॉपसह १६ अँपिअरच्या सर्किटवर विकली जाते. त्यामुळे १६ च्या एमसीबीमागे ती सुरक्षित आहे. २० किंवा ३२ च्या मागे लावू नये. किटलीची कॉर्ड ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी, असा नियम आहे, कारण ओट्याखाली लोंबणारी कॉर्ड मूल ओढतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं. कॉर्ड पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावला, की जोडही वाढतात आणि तो धोकाही परत येतो. सॉकेट ओट्याजवळ आणायचं.

टॉप जोडताना: तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. अर्थची तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे कॉर्ड ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. बाहेरचं जाड आवरण कॉर्ड-क्लॅम्पच्या आत गेलं पाहिजे. आतल्या रंगीत तारांवर क्लॅम्प आवळला तर तो काहीच धरत नाही. तारांच्या टोकांना झाल देऊन स्क्रूखाली घालायची सवय अनेक कारागिरांना आहे. टोक नीटनेटकं दिसतं, पण झाल मऊ धातू आहे; दाबाखाली ती हळूहळू पसरते, स्क्रू आपोआप ढिला होतो आणि नवीन टॉपमध्येच तापणारा जोड तयार होतो. आयईसी ६०३३५-१ मध्ये हे टाळायला सांगितलेलं आहे. त्याऐवजी फेरूल (तारांच्या टोकावर बसवायची धातूची छोटी नळी) दाबून घालावी किंवा तारा नीट पिळून दुहेरी करून आवळाव्यात.

मग तपासणी. टॉपच्या अर्थ पिनेपासून किटलीच्या उघड्या स्टीलपर्यंत रोध ओहमच्या दशांशात हवा. फेज-न्यूट्रल एकत्र करून आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं) किमान १ मेगाओहम. नंतर लागोपाठ तीन किटल्या पाणी उकळायचं, स्विच बंद करायचा आणि टॉप काढून पिना लगेच बोटांनी धरायच्या. कोमट असाव्यात. दोन-तीन सेकंद धरवत नसेल, तर ६० अंशांच्या आसपास आहे आणि तीनपैकी एक स्क्रू किंवा सॉकेटची स्प्रिंग पुन्हा पाहायला हवी. महिन्याभरानं हीच चाचणी एकदा पुन्हा करावी, कारण नवे स्क्रू पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात थोडे बसतात.

कापून टाकलेला ब्रिटिश टॉप तसाच कचऱ्यात किंवा खणात टाकू नये. त्याच्या मागे दोन सेंटिमीटर उघड्या तारांचं टोक असतं, आणि घरात कन्व्हर्टर अजून आहे. लहान मुलानं तो टॉप कन्व्हर्टरमध्ये घातला तर ते टोक २३० व्होल्टवर येतं. फ्यूज काढून घ्या, पिना पकडीनं वाकवा, मग फेका. आणि किटलीचा कन्व्हर्टर त्याच दिवशी फोडून टाका.